खासदाराचं करिअर आतून कसं असतं, आणि ते टिकतं कशावर

तुमचा प्रश्न असा आहे की तुमचं वय पंचवीस-सव्वीस आहे, तालुक्याच्या राजकारणात थोडंफार काम केलंय, पुढे कधीतरी खासदार व्हायची इच्छा आहे, पण खासदार पाच वर्षं नेमकं करतो काय, त्यात माणूस पुढे कसा जातो आणि टिकतो कशामुळे हे कुणी नीट सांगत नाही. मी बरीच वर्षं खासदारांच्या ऑफिसांत काम केलंय, दिल्लीतही आणि मतदारसंघातही, एकापेक्षा जास्त पक्षांच्या लोकांकडे. प्रश्न ड्राफ्ट करणं, समितीचे कागद वाचून टिपण काढणं, आलेल्या माणसाचं ऐकून घेऊन पत्र तयार करणं हेच काम. त्यामुळे आतून जे दिसतं ते लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मतदारसंघातून आलेली तक्रार संसदेच्या कागदावर चढवता येणं, हीच या करिअरची खरी कला आहे. नुसती तक्रार सोडवणारा खासदार शेवटी मोठा नगरसेवक होऊन राहतो आणि नुसतं संसदेत रमणारा पुढच्या वेळेला पडतो. हे दोन्ही जोडणारे थोडे असतात पण त्यांचं नाव वीस-तीस वर्षांनीही निघतं.

कायद्याने पात्रता फार सोपी आहे, लोकसभेला वय २५ पूर्ण, राज्यसभेला ३०, भारताचं नागरिकत्व आणि मतदार यादीत नाव. अनामत २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला साडेबारा हजार. खर्चाची मर्यादा महाराष्ट्रासारख्या राज्यात लोकसभेला ९५ लाख. हे कागदावरचं झालं. खरी अडचण तिकिटाची असते आणि तिकीट मिळायला साधारण तीनच रस्ते मी बघितलेत, घरात राजकारण असणं, स्वतःचं संस्थांचं जाळं असणं म्हणजे कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था वगैरे, किंवा पक्षात खालपासून इतकी वर्षं घासलेली असणं की नेत्याला नाव टाळता येऊ नये. तिसरा रस्ता सगळ्यात लांब आहे पण बंद झालेला नाही. महाराष्ट्रात ४८ मतदारसंघ, प्रत्येकात सहा विधानसभा, म्हणजे निवडून यायचं असेल तर सहा आमदार किंवा आमदारकीचे सहा दावेदार यांच्याशी एकाच वेळी जमवून घ्यावं लागतं. सहाही तालुक्यांत आपला माणूस पाहिजे आणि तो तिथल्या आमदाराच्या डोळ्यात खुपता कामा नये, हे गणित ज्याला आलं नाही त्याचं पहिलंच इलेक्शन शेवटचं ठरतं.

आता निवडून आल्यावर काय होतं ते बघा. पहिले काही महिने माणूस गांगरलेला असतो. शपथ, ओळखपत्र, घर मिळेपर्यंत महाराष्ट्र सदनात मुक्काम, ज्येष्ठतेप्रमाणे घराचं वाटप, त्यात नव्या खासदाराच्या वाट्याला बहुतेक वेळा नॉर्थ अव्हेन्यू किंवा साऊथ अव्हेन्यूचा फ्लॅट. मग ऑफिसला माणसं शोधायची. पगाराबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत म्हणून आकडे देतो, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वाढीनंतर महिन्याचा पगार १ लाख २४ हजार, मतदारसंघ भत्ता ८७ हजार, ऑफिस खर्चाला ७५ हजार आणि त्यातले ५० हजार मदतनिसासाठी, अधिवेशनात हजेरीच्या दिवशी अडीच हजार भत्ता. आता पन्नास हजारांत दिल्लीत एक माणूस आणि मतदारसंघात चार-पाच माणसं कशी ठेवणार सांगा. म्हणून बहुतेक ऑफिसांत कार्यकर्तेच स्टाफ असतात, त्यांना लोक सांभाळता येतात पण नियमावली वाचता येत नाही. सुरुवातीलाच एक तरी वाचणारा, लिहिणारा, इंग्रजी-हिंदी दोन्ही जमणारा पोरगा किंवा पोरगी पूर्णवेळ ठेवणारा खासदार पुढे जातो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. तो खर्च वाटतो पण त्याच्याशिवाय बाकी काहीच हलत नाही.

मतदारसंघातलं काम म्हणजे काय, तर सकाळी सातपासून बैठकीच्या खोलीत माणसं. यातली निम्म्याहून जास्त कामं खासदाराची नसतातच. डीपी जळाला, तलाठी सातबारा देत नाही, पोलिस गुन्हा नोंदवत नाही, पोराची बदली, ही सगळी राज्याची कामं. पण 'हे माझ्याकडे येत नाही' असं म्हणता येत नाही, म्हटलं की माणूस तुटला. खासदाराची खरी कामं म्हणजे रेल्वेचा थांबा, हायवेचा अंडरपास, पोस्ट, पासपोर्ट, पीएफ, बँका, पीक विमा, आजारी माणसासाठी पंतप्रधान सहायता निधीचं पत्र, रेल्वे तिकिटाला इमर्जन्सी कोट्याचं पत्र. केंद्रीय विद्यालयात प्रत्येक खासदाराला दहा प्रवेशांची शिफारस करता यायची, तो कोटा २०२२ मध्ये बंद झाला आणि मला विचाराल तर बरंच झालं, कारण दहा जणांना खूष करताना शंभर जण नाराज व्हायचे. लग्नं, दहावे, सप्ते, क्रिकेटच्या स्पर्धा हे वेगळंच, ते टाळता येत नाही आणि टाळूही नये, पण त्यातच पाच वर्षं निघून जातात हे खरं.

इथून पुढचं नीट वाचा, कारण करिअर इथे घडतं किंवा बिघडतं. समजा एक पेन्शनर आला, सहकारी कारखान्यातून निवृत्त झालेला, ईपीएस-९५ म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेचे हजार-बाराशे रुपये मिळतात त्यात औषधंही येत नाहीत. साधा खासदार पीएफ ऑफिसला पत्र देतो, फोटो काढतो, विषय संपला. पण तशी माणसं दर आठवड्याला येतायत म्हणजे हा एका माणसाचा विषय नाही हे ओळखणारा खासदार लगेच अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचा प्रश्न टाकतो, की महाराष्ट्रात या योजनेचे पेन्शनर किती, त्यातले हजारच्या आसपास पेन्शन घेणारे किती, मागच्या पाच वर्षांत किमान पेन्शन वाढवण्याबाबत किती शिफारशी आल्या आणि त्यांचं काय झालं. आता मंत्रालयाला आकडे द्यावे लागतात आणि ते आकडे कायमचे रेकॉर्डवर येतात. मग तेच आकडे घेऊन अनुदान मागण्यांवर, म्हणजे खात्याच्या खर्चाला मंजुरी देतानाच्या चर्चेत बोलायचं, तेच श्रम खात्याचं काम बघणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीत काढायचे. या विषयात राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, २०१३ साली किमान पेन्शन तीन हजार करा अशी शिफारस केली होती, सरकारने २०१४ मध्ये हजार रुपये केली. पण बुलढाण्यापासून सोलापूरपर्यंत कुठल्याही पेन्शनरला विचारा, तो अजून 'कोश्यारी समिती' म्हणूनच बोलतो. संसदेच्या एका समितीचा कागद इतकी वर्षं लोकांच्या तोंडात राहतो ही साधी गोष्ट नाही.

प्रश्न विचारणं सोपं वाटतं पण ती मोठी कारागिरी आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, नंबर बॅलटने म्हणजे सोडतीने लागतो, नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, आणि मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. तारांकितला तोंडी उत्तर असतं आणि पूरक प्रश्न विचारता येतात म्हणून सगळ्यांना तेच हवे असतात, पण अकरा ते बारा या तासात सगळे वीस कधीच होत नाहीत, चार-सहा झाले तरी खूप. बाकीच्यांची उत्तरं लेखीच मिळतात. त्यामुळे मी नव्या खासदारांना कायम सांगत आलो की अतारांकितला कमी समजू नका, माहिती तिथेच मिळते. आणि प्रश्न 'सरकार अमुक करणार आहे का' असा टाकायचाच नाही, उत्तर एका ओळीत येतं, असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही, झालं, तुमची संधी गेली. वर्षवार, जिल्हावार आकडे मागायचे, मंजूर किती, खर्च किती, पडून किती, उशिराची कारणं काय आणि जबाबदारी कुणाची ठरवली. राज्याच्या अखत्यारीतला विषय किंवा कोर्टात चाललेलं प्रकरण असेल तर प्रश्न बादच होतो, म्हणून विषय केंद्राच्या योजनेला, केंद्राच्या पैशाला बांधून लिहावा लागतो. पाणीपुरवठा राज्याचा विषय आहे पण जलजीवन मिशनमध्ये केंद्राचा पैसा आहे, बस, तिथून शिरायचं.

एक गोष्ट फार कमी खासदारांना माहीत असते, ती म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात म्हणाला की माहिती गोळा करतोय, पटलावर ठेवू, किंवा विचार करू, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं आणि झालं नाही तर समिती त्या खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. आपल्या खासदाराला मिळालेल्या उत्तरात असं वाक्य कुठे आहे ते शोधून त्याचा पाठपुरावा करणं हे ऑफिसचं काम आहे. भाषण सगळ्यांना दिसतं, हे कुणाला दिसत नाही, पण काम बहुतेक वेळा याच्याने होतं. शून्य प्रहर, नियम ३७७ या सभागृहात आपला विषय थोडक्यात मांडायच्या संधी, त्यांचंही तेच. शून्य प्रहरात दोन मिनिटं बोललं, रील काढली, मतदारसंघात फिरली, चांगलंच आहे, लोकांना कळलं पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी त्या भाषणाचा उतारा लावून मंत्र्याला पत्र आणि महिन्याभराने पुन्हा स्मरणपत्र गेलं नाही तर ते हवेत विरलं. आणि हो, मराठीत बोलता येतं, आधी कळवलं की दुभाष्याची सोय होते. ज्याला हिंदी-इंग्रजीत अडखळायला होतं त्याने बिनधास्त मराठीत बोलावं, मुद्दा नेमका मांडला जातो हे महत्त्वाचं.

रेल्वेच्या थांब्याचं उदाहरण घ्या, कारण प्रत्येक खासदाराकडे ही मागणी असते. मंत्रालयाचं उत्तर ठरलेलं असतं, थांबा देणं ही निरंतर प्रक्रिया आहे, तांत्रिक व्यवहार्यता आणि प्रवासी संख्या बघून ठरवतो. इथे रागावून काही होत नाही. त्या स्टेशनची तिकीट विक्री, शेजारच्या स्टेशनला जाणारे लोक, कॉलेज-बाजार-दवाखाना कुठे आहे हे सगळं घेऊन विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे, मग महाव्यवस्थापकांच्या खासदारांबरोबरच्या बैठकीत, मग रेल्वे बोर्डाकडे जायचं आणि आधी प्रायोगिक थांबा मागायचा. प्रायोगिक दिला की आकडे दाखवून तो टिकवायची जबाबदारी आपली. याला दोन-दोन वर्षं लागतात आणि ज्याच्यात चिकाटी नाही तो मध्येच सोडून देतो.

समित्यांबद्दल तर कितीही लिहिलं तरी कमी. खात्यांशी जोडलेल्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकात ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ही पद्धत १९९३ साली सुरू झाली तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते, मराठी माणसाचं हे काम आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. समितीची बैठक बंद दाराआड होते, कॅमेरा नाही, व्हिप म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश नाही, त्यामुळे तिथे सत्ताधारी खासदारसुद्धा सचिवाला कडक प्रश्न विचारतो आणि विरोधी खासदार शांतपणे ऐकून घेतो. सचिव फाइल घेऊन समोर बसलेला असतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. ज्याने आधीच्या रात्री समितीचं टिपण वाचलंय तो अर्ध्या तासात सगळ्यांच्या लक्षात येतो, आणि पक्षाचे ज्येष्ठ लोक माणूस पारखतात ते इथेच. हल्ली वाईट एवढंच वाटतं की विधेयकं समितीकडे फार कमी जातात, पंधराव्या लोकसभेत साधारण ७१ टक्के विधेयकं गेली होती, सतराव्यात १६ टक्क्यांच्या आसपास. सतराव्या लोकसभेच्या बैठकाही पाच वर्षांत फक्त २७४ झाल्या, पूर्ण मुदत चाललेल्या लोकसभांमध्ये सगळ्यात कमी. याचा थेट फटका नव्या खासदाराला बसतो, शिकायची जागाच आक्रसते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मुख्य सभागृहात मात्र पक्ष सर्वस्व असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिपच्या विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. बोलायचा वेळ पक्षाच्या संख्येवर मिळतो आणि कोण बोलणार ते पक्ष ठरवतो, लहान पक्षाच्या माणसाला तीन-चार मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. तरी स्वतःचा विषय मांडायची एक वाट उरते, खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेलं विधेयक. शुक्रवारी दुपारी त्याचा वेळ असतो. आजपर्यंत जेमतेम १४ खाजगी विधेयकांचे कायदे झालेत आणि १९७० नंतर एकही नाही, म्हणून लोक म्हणतात याला काय अर्थ. अर्थ आहे. फिरोज गांधींनी १९५६ मध्ये संसदेच्या कामकाजाच्या वार्तांकनाला संरक्षण देणारा कायदा खाजगी विधेयकातूनच आणला. आपल्या राजापूरच्या नाथ पैंनी १९६७ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मूलभूत हक्कांपुरता गेलेला घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून विधेयक मांडलं, ते त्यांच्या हयातीत पास झालं नाही, १९७१ च्या जानेवारीत ते गेले, पण त्याच वर्षी २४ वी घटनादुरुस्ती झाली आणि तीच गोष्ट त्यात आली.

खासदार निधीवर थोडक्यातच सांगतो कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. वर्षाला ५ कोटी, तेही खासदाराच्या हातात येत नाहीत, तो फक्त शिफारस करतो आणि काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. महाराष्ट्रात एका आमदाराचा निधीही ५ कोटीच आहे आणि खासदाराला सहा विधानसभा सांभाळायच्यात. त्यामुळे सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकवर करिअर उभं राहत नाही. त्यापेक्षा दिशा समिती बघा, जिल्ह्यातल्या केंद्राच्या सगळ्या योजनांचा आढावा घेणारी समिती, अध्यक्ष खासदार, बैठक दर तीन महिन्यांनी अपेक्षित. इथे घरकुल, सडक, पाणी, रोजगार हमी सगळ्यांचे अधिकारी एका टेबलावर असतात. कितीतरी जिल्ह्यांत ही बैठक उरकून टाकतात. मागच्या बैठकीतल्या मुद्द्यांवर काय कारवाई झाली याचा तक्ता हातात घेऊन बसणारा खासदार असला की अधिकाऱ्यांची बसायची पद्धतच बदलते.

पुढे जाणं कशाला म्हणायचं हाही तुमचा प्रश्न होता. सगळ्यांना मंत्रिपद दिसतं पण ते कामावर कमी आणि जात, विभाग, पक्षातली गणितं यावर जास्त ठरतं. नंदुरबारचे माणिकराव गावित नऊ वेळा निवडून आले, १९८१ पासून, आणि राज्यमंत्रिपद मिळालं २००४ साली. दरम्यानच्या काळात ते काय नापास झाले का, लोक निवडून देतच होते ना. दुसरीकडे मधु दंडवते, राजापूरमधून १९७१ पासून सलग पाच वेळा, १९७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचाचा फोम बसवायचा निर्णय त्यांचा, कोट्यवधी लोकांच्या पाठीला तो अजून जाणवतो. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. तरीही १९९१ च्या निवडणुकीत दंडवते पडले. काम केलं की लोक निवडून देतातच असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लाट, आघाडी, जातीची बेरीज, उमेदवारांची मतविभागणी, यापुढे चांगला माणूसही वाहून जातो.

म्हणून पडल्यानंतरचा विचार आधीच करून ठेवायला हवा. महिनाभरात दिल्लीचं घर सोडावं लागतं, सकाळची गर्दी एका आठवड्यात पातळ होते, फोन उचलणारे अधिकारी मीटिंगमध्ये असतात. पेन्शन ३१ हजार मिळते, पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला अडीच हजार वाढतात, पण कार्यकर्ते सांभाळायचे तर ती कुठेच पुरत नाही. शिवराज पाटील सात वेळा निवडून येऊन २००४ ला लातूरमध्ये पडले, पण लगेच गृहमंत्री झाले आणि राज्यसभेवर गेले, ते पक्षातल्या स्थानामुळे, असं नशीब शंभरात एखाद्याचं. बाकीच्यांना तालुक्याच्या गावात पुन्हा ऑफिस उघडून बसावं लागतं, आणि ज्याच्याकडे स्वतःचा असा एक विषय आहे, शेतमाल निर्यात म्हणा, रेल्वे म्हणा, आदिवासींचे वनहक्क म्हणा, त्याच्याकडे लोक पद गेल्यावरही येतात. पहिल्याच टर्ममध्ये एक-दोन विषय पकडा असं मी म्हणतो ते याच्यासाठी.

तुमच्या वयात आत्ता काय करता येईल तर तीन गोष्टी. संसदेच्या वेबसाइटवर तुमच्या खासदाराने विचारलेले सगळे प्रश्न आणि उत्तरं आहेत, ती काढून बसा, कुठला प्रश्न वाया गेला आणि कुठल्यातून माहिती निघाली हे वाचता वाचता कळायला लागतं. खासदारांबरोबर जवळपास वर्षभर काम करायची, पीआरएस या संस्थेची लॅम्प नावाची फेलोशिप असते, तिला वयाची अट असते म्हणून आपण तिच्यात बसतो का ते आधी बघा. आणि तुमच्या जिल्ह्याच्या दिशा समितीच्या मागच्या दोन-तीन बैठकांचं इतिवृत्त मिळवा, सहज देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, त्यात तुमच्या तालुक्याचे जे मुद्दे अर्धवट राहिलेत त्यांची यादी करून ती घेऊन खासदारांच्या ऑफिसात जा. अशी यादी घेऊन येणारा तरुण आला की ऑफिसातला प्रत्येक माणूस त्याचा नंबर लिहून घेतो, मी स्वतः घ्यायचो.